वाडा यादीत आला, पण मागच्या पागेचं काय?

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. वेळ असेल तेव्हा वाचा, पण वाचा. कारण हा प्रश्न आज आमच्या गावात आहे, उद्या तुमच्या गावात येणार आहे.

आमच्या तालुक्याच्या गावात नगरपालिकेने वारसा वास्तूंची यादी करायला घेतली आहे. गावाचं आणि वाड्याचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण प्रकरण अजून चालू आहे आणि मालक मंडळी आपलीच आहेत. यादीच्या मसुद्यात एक जुना दुमजली वाडा आला. आनंद झाला. मग नोंद नीट वाचली, तर तिथे फक्त ‘वाडा, दगडी जोतं, लाकडी खांब’ एवढंच. वाड्याच्या मागे परसात घोड्यांची पागा आहे. लांबट, कौलारू, एका बाजूने भिंत खचलेली. तिचा उल्लेखच नाही. विचारलं तर उत्तर मिळालं, ‘अहो, ती काय वास्तू आहे का? ती तर शेड आहे.’

त्या ‘शेड’मध्ये एके काळी वाड्याचे मोतद्दार बायकापोरांसह राहायचे. १९७२ च्या दुष्काळात तिथूनच सुकडी वाटली जायची, असं गावातली म्हातारी माणसं आजही सांगतात. वाड्याच्या दिवाणखान्यात गावातली किती माणसं कधी गेली असतील? हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पागेत मात्र निम्मं गाव जाऊन आलंय.

तर मुद्दा असा. घराला वारसा दर्जा देताना त्याच्या मागची, बाजूची, परसातली छोटी बांधकामं सोडून दिली, तर आपण अर्धा इतिहास सोडून देतो. आणि सहसा जो अर्धा सोडतो, तो ज्यांची नावं कागदावर नाहीत त्यांचाच असतो.

हे भावनेच्या भरात बोलत नाहीये. पुण्यातलंच उदाहरण घ्या.

गंज पेठेतला फुले वाडा. आज त्या पेठेला महात्मा फुले पेठ म्हणतात. घर म्हणाल तर साधं. पेशवाईतल्या सरदारांच्या वाड्यांशेजारी ठेवलं तर वास्तुकलेच्या परीक्षेत नापास होईल असं. जोतीराव स्वतः बांधकामाची कंत्राटं घेत, तेव्हा मोठं बांधणं त्यांना जमलं नसतं असं नाही. पण या घराचं मोठेपण कशात आहे? १८६८ साली त्यांनी आपल्या घरातला पाण्याचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांसाठी खुला केला.

तारखा जरा शेजारी शेजारी मांडून बघा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला १९२३ साली. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला २० मार्च १९२७ ला. म्हणजे जोतीरावांचा हौद बोले ठरावाच्या ५५ वर्षं आधीचा आणि महाडच्या ५९ वर्षं आधीचा. सरकारचा दबाव नाही, कोर्टाचा हुकूम नाही. एका माणसाने आपल्या घरातलं पाणी उघडं केलं.

आता कल्पना करा, कुणी सर्वेक्षक फुले वाड्यात आला आणि त्याने लिहिलं, ‘घर, माती-विटांचं, कौलारू, साधारण स्थितीत.’ हौदाची नोंद नाही, कारण हौद म्हणजे काय, पाणी साठवायची जागा! मग पुढे कुणी दुरुस्तीत हौद बुजवला, वर फरशी घातली, तर नियम कुठला मोडला? कुठलाच नाही. यादीतलं घर तर जसंच्या तसं उभं आहे! आणि तरीही त्या घराचं हृदयच गेलेलं असेल.

फुले वाड्याच्या परसाची अजून एक गोष्ट आहे. आपलं दहन न करता मिठात पुरावं, अशी इच्छा जोतीरावांनी मृत्युपत्रात लिहून ठेवली होती. २८ नोव्हेंबर १८९० ला ते गेले. घरामागे खड्डाही खणून ठेवला होता. पण राहत्या वस्तीत दफनाला नगरपालिकेची परवानगी मिळाली नाही. दहन झालं आणि अस्थी घरामागच्या जागेत ठेवल्या गेल्या. ज्या नगरपालिकेचे जोतीराव स्वतः १८७६ पासून काही वर्षं सदस्य होते, तीच ही नगरपालिका. म्हणजे या घराच्या इतिहासातल्या दोन मोठ्या गोष्टी, हौद आणि समाधी, दोन्ही घराच्या चार भिंतींत नाहीत, अंगणा-परसात आहेत. सुदैवाने फुले वाडा आज राज्य संरक्षित स्मारक आहे. पण प्रत्येक गावातल्या परसाला जोतीरावांचं नाव लाभलेलं नसतं.

काही जण म्हणतील, हे आपल्याकडचं झालं. बाहेर एवढं शेडबिडचं कौतुक कोण करतं? करतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो गावात ॲडिसन ॲव्हेन्यूवर ३६७ नंबरचं एक घर आहे. १९३८ साली डेव्हिड पॅकार्ड आणि त्यांची पत्नी ल्युसिल तिथे तळमजल्यावर भाड्याने राहायला आले. त्यांचा मित्र बिल ह्युलेट अविवाहित होता, तो मागच्या लाकडी खोपटात झोपायचा. आणि दोघे काम करायचे घराच्या मागच्या छोट्याशा गॅरेजमध्ये. त्यातून उभी राहिली ह्युलेट-पॅकार्ड कंपनी. १९८० च्या दशकात कॅलिफोर्निया राज्याने त्या गॅरेजला ‘सिलिकॉन व्हॅलीचं जन्मस्थान’ म्हणून ऐतिहासिक स्थळाचा दर्जा दिला. २००० साली कंपनीने ती जागा विकत घेतली, पुढे घर, गॅरेज आणि ते खोपटं अशा तिन्हींची दुरुस्ती केली. २००७ मध्ये देशाच्या ऐतिहासिक स्थळांच्या नोंदवहीत ती जागा गेली. तिथे कुणी म्हटलं नाही, की घर ठेवा आणि गॅरेज पाडून गाड्या लावायला जागा करा. कारण घरात नुसते संसार झाले होते. इतिहास घडला तो गॅरेजमध्ये.

अमेरिकेचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट तिथून शिकण्यासारखी आहे. आपल्याला वाटतं, दर्जा जितका वरून तितका भक्कम. दिल्लीचा शिक्का सगळ्यात भारी, मग राज्याचा, मग नगरपालिकेचा. तिकडे बरंचसं उलट आहे. राष्ट्रीय नोंदवहीत नाव आलं तरी खासगी मालक स्वतःच्या पैशाने ते घर पाडू शकतो, नुसती ती नोंद त्याला अडवत नाही. अडवतो तो शहराने दिलेला स्थानिक दर्जा. न्यूयॉर्कमध्ये १९६३ साली पेन स्टेशनची भव्य इमारत पाडायला सुरुवात झाली. लोक हळहळले, पण थांबवायला कायदा नव्हता. दोन वर्षांत, १९६५ मध्ये, शहराने स्वतःचा वारसा कायदा केला. पुढे ग्रँड सेंट्रल स्टेशनच्या डोक्यावर मनोरा बांधायचा होता त्या मालक कंपनीने कोर्टात धाव घेतली. १९७८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की शहराला असा दर्जा देता येतो आणि त्याचा अर्थ मालमत्ता हिसकावली असा होत नाही. त्या निकालात एक व्यवहाराची गोष्टही होती: इथे वापरता न आलेला बांधकामाचा हक्क मालकाला जवळच्या दुसऱ्या जागेवर नेता येत होता.

आपल्याकडच्या बिल्डर लोकांना हे ओळखीचं वाटेल. टीडीआर म्हणतात तो हाच प्रकार.

आपल्याकडे कायदा नाही असं अजिबात नाही. महाराष्ट्राचा प्रादेशिक व नगररचना कायदा १९६६ चा आहे. विकास आराखड्यात ऐतिहासिक वास्तू आणि जागांच्या जतनाची तरतूद करता येते, हे त्यातच लिहिलंय. त्याच्याच जोरावर १९९५ साली मुंबईत वारसा नियमावली आली. शहर पातळीवरची देशातली ही पहिली नियमावली मानली जाते. तिने वास्तूंच्या श्रेणी ठरवल्या, वारसा समिती आणली, आणि मालकाचा बांधकामाचा हक्क बुडत असेल तर टीडीआरची सोय ठेवली. म्हणजे हत्यार आहे. ते बोथट होतं नोंदीच्या कागदावर.

केंद्राच्या संरक्षणाखाली देशभरात सुमारे ३,७०० स्मारकं आहेत. किल्ले, लेणी, देवळं, मकबरे. हवीच ती. पण साडेसहा लाखांच्या आसपास गावं असलेल्या देशात गल्लीतला वाडा आणि त्याची पागा दिल्लीच्या यादीत कधी येणार? कधीच नाही. यायची गरजही नाही. तो गावचा इतिहास आहे, त्याचा दर्जा गावानेच द्यायचा असतो.

आणि वेळेत द्यायचा असतो. उशीर झाला की काय होतं, त्याचं उदाहरण पुण्याच्या बुधवार पेठेत, दगडूशेठ गणपतीच्या समोर आहे. भिडे वाडा. १८४८ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा इथे सुरू केली. या जागेचं स्मारक व्हावं म्हणून महापालिकेने ठराव केला, मग भाडेकरू-दुकानदार आणि महापालिका यांच्यात दशकाहून जास्त काळ कोर्टकचेरी चालली. दरम्यान वाडा ढासळत राहिला. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाल महापालिकेच्या बाजूने लागला, आणि ४ डिसेंबरच्या रात्री तो जीर्ण वाडा पाडला गेला, नवं स्मारक बांधण्यासाठी. कोण बरोबर, कोण चूक, त्यात मला शिरायचं नाही. दुकानदारांचं पोट होतं, महापालिकेची अडचण होती. पण हिशोब बघा: ज्या भिंतींमुळे त्या जागेला महत्त्व, त्या भिंतीच शेवटी नाहीत. स्मारक होईल, चांगलंही होईल. पण स्मारक म्हणजे आठवण. वास्तू म्हणजे साक्षीदार. साक्षीदार गेला की मग आपण फक्त ऐकीव सांगत राहतो.

आता मालकांकडे येतो, कारण त्यांचं म्हणणं ऐकल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही.

आमच्या वाड्याचे मालक मला म्हणाले, ‘दादा, तुम्ही फोटो काढून जाता. कौलं फुटली की माकडांशी भांडायला मी असतो.’ खरं आहे. जुन्या वाड्यांची वाट लागली त्याला मालकांचा लोभ हे एकच कारण नाही. मुंबईचा १९४७ चा भाडे कायदा आला आणि भाडी वर्षानुवर्षं गोठली. महिन्याला ज्या भाड्यात चहाही येत नाही, त्या भाड्यात मालकाने सागवानी तुळया कशाने बदलायच्या? मग पुण्यात १२ जुलै १९६१ ला पानशेतचा पूर आला, नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे त्यात बसले. त्यानंतर वाढीव एफएसआय आणि भावकीच्या वाटण्या. एका वाड्याला जिथे सतरा वारस, तिथे पाडणं हाच सगळ्यात सोपा तह असतो.

म्हणून नुसता फलक लावून, ‘हात लावायचा नाही’ असं सांगून निघून जाणं हा मालकावर अन्याय आहे. दर्जा द्यायचा तर सोबत टीडीआर वेळेत द्या, घरपट्टीत सूट द्या, दुरुस्तीची परवानगी महिनोन्‌महिने अडकवू नका. चुन्याचं काम करणारा गवंडी कुठे मिळतो, ते तरी सांगा. ओझं गावाचं असेल तर खांदा एकट्याचा कसा चालेल?

पण याच कारणाने मागच्या बांधकामांची नोंद जास्त महत्त्वाची होते. व्यवहार असा चालतो: पुढचा वाडा यादीत गेला, त्याला हात लावता येत नाही. मग पैसा कुठून काढायचा? परसातून. पागा पाडा, विहीर बुजवा, बाळंतिणीची खोली आणि कोठार पाडा, तिथे चार मजली उभं करा. कागदोपत्री वारसा शाबूत. प्रत्यक्षात वाडा म्हणजे पुढे उभा केलेला नाटकाचा पडदा, मागे काहीच नाही. मालकाला दोष नाही, यादीनेच त्याला ती वाट दाखवली. उलट परसासकट सगळी हद्द नोंदीत असेल, तर जेवढा हक्क अडला तेवढा मोबदलाही मागता येतो. पागा सोडून दिल्याने मालकाचंही भलं होत नाही, हे त्यांना समजावलं पाहिजे.

दुसरा आक्षेप तरुण पोरांचा येतो, आणि तो मला जास्त मोलाचा वाटतो. ‘सरदारांचे, सावकारांचे वाडे आम्ही का जपायचे? आमच्या पणज्याला त्या उंबऱ्याच्या आत घेत नव्हते.’ या प्रश्नाला उत्तर देताना उगाच संस्कृतीवर भाषण देऊ नये. पोरं बरोबर बोलतायत. माझं उत्तर एवढंच, की म्हणूनच पागा जपायची. दिवाणखाना जपला तर मालकाचा इतिहास राहील. पागा जपली तर मोतद्दाराचा राहील. न्हाणीघर आणि विहीर जपली तर पाणक्याचा राहील. धान्याचं कोठार जपलं तर खंडाचं धान्य कुणाच्या डोक्यावरून आलं, ते विचारता येईल. माजघरामागची अंधारी खोली जपली तर केशवपन केलेल्या बाया तिथे कशा जगल्या, ते सांगता येईल. याच जोतीराव-सावित्रीबाईंनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, ते असल्या खोल्यांमधून सुटायला वाट हवी म्हणून. उंबऱ्याच्या आत घेत नव्हते, याचा पुरावा उंबराच आहे. तो पाडून टाकला तर उद्या कुणी म्हणेल, असं काही नव्हतंच मुळी.

छोटी जागा जपता येते, हेही आपल्याकडे लोकांनी करून दाखवलंय. धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ ला अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० साली तो हिंगण्याला नेला. तिथे सुरुवात झाली ती एका झोपडीत. आज त्या परिसरात संस्थेच्या मोठमोठ्या इमारती आहेत, पण ती झोपडी त्यांनी राखली. चार इमारती बांधताना पाचवीसाठी झोपडीची जागा घेणं काही अवघड नव्हतं. नाही घेतली. नव्या मुलीला ‘इथून सुरुवात झाली’ असं बोट दाखवून सांगता येतं.

आता प्रक्रियेबद्दल. दर्जा देणं म्हणजे कमिटीने बंद खोलीत यादी करणं नव्हे. लंडनमध्ये १०, किंग हेन्रीज रोड हे घर आहे. १९२१-२२ मध्ये शिक्षण घेताना बाबासाहेब आंबेडकर तिथे राहिले होते. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं आणि तिथे संग्रहालय केलं. पण तिथल्या कॅम्डेन कौन्सिलने राहत्या घराचं संग्रहालय करायला परवानगी नाकारली. शेजाऱ्यांच्याही हरकती होत्या. मग जाहीर सुनावणी झाली, दोन्ही बाजू मांडल्या गेल्या, आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारच्या मंत्र्याने परवानगी दिली. आपल्या राज्य सरकारला तिथे एका स्थानिक कौन्सिलसमोर सामान्य मालकासारखं उभं राहावं लागलं. निकाल आपल्या मनासारखा लागला, हा आनंद आहेच. पण मला त्याहून आवडलं ते हे, की शेजारच्या माणसालाही बोलता आलं.

आपल्याकडेही हरकती-सूचना मागवतात. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात. मुदत संपते तेव्हा गावाला कळतं.

आणि नुसत्या ठरावाने काही होत नाही, हेही महाडनेच शिकवलंय. बोले ठरावानंतर महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळं सगळ्यांना खुलं असल्याचा ठराव केला होता. कागदावर तळं खुलं, प्रत्यक्षात बंद. तीन वर्षांनी बाबासाहेबांना हजारो माणसं घेऊन तिथे जावं लागलं. ठराव अंमलात आणायला माणसं लागतात. वारशाच्या दर्जाचंही तसंच आहे.

म्हणून आम्ही काही जणांनी मिळून नगरपालिकेला लेखी सूचना दिली आहे. मागण्या चारच आहेत. एक, प्रत्येक नोंदीला सिटी सर्व्हे नंबरसह हद्दीचा नकाशा जोडा. दोन, त्या हद्दीतलं प्रत्येक बांधकाम नावाने लिहा: पागा, गोठा, विहीर, हौद, कोठार, कुंपणभिंत, सगळं. तीन, दर्जा का दिला त्याचं कारण दोन वाक्यांत लिहा, म्हणजे तिथे काय जपायचंय ते पुढच्या अभियंत्याला कळेल. चार, मालकाला काय मिळणार, ते दर्जा देतानाच लेखी सांगा.

सूचनेखाली सह्या गोळा करताना पागेत जन्मलेल्या एक आजी भेटल्या. वय ऐंशीच्या पुढे. त्यांना विचारलं, सही करता का? म्हणाल्या, ‘करते की. पण लिहा, तिथं माणसंबी राहत होती.’

ते आम्ही पाचवी मागणी म्हणून लिहिलं आहे.

तुमच्या गावची यादी निघाली असेल तर कार्यालयात जाऊन मागा. तुमच्या गल्लीतल्या घराची नोंद काढा आणि त्यात मागचं काय काय सुटलंय ते बघा. मुदत संपायच्या आत लिहून द्या, पोच घ्यायला विसरू नका. आणि काय सुटलंय ते इथेही सांगा, आमच्या सूचनेला जोडता येईल.